सरळ झाड आणि कुऱ्हाड

सरळ झाडावर कुऱ्हाड आधी पडते, असं आपण सगळ्याच म्हणतो. आमच्या लोंढ्यात हे सांगायला कुणी पंडित लागत नाही. खानापूर तालुक्यातलं हे जंगल. साग, मत्ती, किंदळ अशी झाडं. ज्याचा बुंधा सरळ त्याच्यावर खूण आधी होते, तेच आधी पडतं, त्याचाच ओंडका वखारीत जातो. वाकडंतिकडं, गाठी आलेलं झाड मात्र उभं राहतं, कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मग आई मुलीला सांगते, "एवढं सरळ वागू नकोस गं, लोक तुला विकून खातील." आणि त्याच घरात सकाळी देवदर्शन होतं, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन होतं, भाद्रपदात दहा दिवस दहा धर्मांची नावं घेतली जातात.

दोन्ही गोष्टी आपण एकाच तोंडाने बोलतो. यातली खरी कोणती?

गेल्या दशलक्षण पर्वात उत्तम आर्जव धर्माच्या दिवशी आम्ही काही बायका स्वाध्यायाला बसलो होतो. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असं नसणं. वाचन संपलं आणि एक बाई म्हणाल्या, "अक्का, आर्जव आर्जव म्हणता ते खरं, पण सरळ वागून माणूस जगायचा कसा, तेवढं सांगा की." त्यांच्या घरची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. यजमानांनी एका खोट्या मोजमापावर सही केली नाही. मग बदली, मग बढती थांबली, मुलाचं शिक्षण मध्येच अडखळलं. सही करणारे दुसरे होतेच. ते आज निवांत आहेत.

कुणीतरी पटकन म्हणालं, "मागच्या जन्मीचं कर्म असतं बघा." बाई गप्प बसल्या. कर्मसिद्धांत आपला पाया आहे, तो मी नाकारत नाही. पण स्वतःच्या दुःखाकडे बघताना कर्म आठवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखावर कर्माचं झाकण घालून आपण मोकळं होणं वेगळं. पहिल्यात समता आहे. दुसऱ्यात फक्त सुटका. त्या बाईंचा प्रश्न तसाच राहिला. तो नीट उलगडून बघावा म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रश्न काही नवा नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात तो ग्लॉकॉन नावाच्या तरुणाच्या तोंडी घातला आहे. तो विचारतो तो असा : एक माणूस खरोखर न्यायी आहे, पण जग त्याला लबाड समजतं आणि त्याचे हाल करतं. दुसरा पक्का लबाड आहे, पण जग त्याला सज्जन समजून हार घालतं. आता सांगा, यातलं कुणाचं जगणं तुम्ही पसंत कराल? ज्या सॉक्रेटिसाला हा प्रश्न विचारलेला दाखवला आहे, त्याला अथेन्सच्या लोकांनी इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा प्याला दिला. मित्र पळून जायची सोय करून बसले होते; तो गेला नाही. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांनाही उत्तराची किंमत चांगली माहीत होती.

पण ग्रीसपर्यंत कशाला जायचं? आपल्याच समाजात, आपल्याच मुलखात याचं उदाहरण आहे आणि ते आपण अर्धंच सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आपल्या प्रत्येक सभेत असतो. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जन्म, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९५९ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी निधन. हे सगळं आपल्या मुलांना पाठ असतं. त्याआधीची दोन प्रकरणं मात्र भाषणात घाईघाईने उरकली जातात.

पहिलं कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातलं. भाऊराव तिथे राहून शिकत होते. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून शुद्ध व्हा आणि मगच जेवायला या. त्यांनी नकार दिला. माणसाजवळ बसल्याने माणूस बाटत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. एक बादली पाणी अंगावर घेतलं असतं तर ताट समोर येत होतं. शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला डोक्यावरचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याला बाहेर काढणारे परके नव्हते, आपलेच होते. आसरा मिळाला तो शाहू महाराजांकडे.

दुसरं प्रकरण १९१४ सालचं. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला रात्रीतून कुणीतरी डांबर फासलं. संशय घेतला गेला अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर. लठ्ठे म्हणजे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे मोठे पुढारी आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगच्या कारभारातलं वजनदार नाव. त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती आणि ती भाऊरावांनी द्यावी असा दबाव आला. साक्ष खोटी होती. ती दिली असती तर भाऊराव मोकळे झाले असते. बोर्डिंगातून निघावं लागलं होतं त्याचं उट्टं काढायचं, असं म्हणायलाही एखाद्याला जागा होती. त्यांनी साक्ष दिली नाही. मग कोठडी आली, छळ आला. तो इतका की या धिप्पाड, पहिलवानी बांध्याच्या माणसाने जीव देण्याचा प्रयत्न केला, तोही एकदा नव्हे. तरीही खोटी साक्ष दिली नाही. पुढे सुटका झाली.

इथे थांबून मला विचारायचं आहे : सद्गुणाने भाऊरावांना तारलं का?

भाषणात आपण म्हणतो, 'सत्याचा शेवटी विजय झाला.' पण कोठडीतल्या त्या रात्री हा शेवट कुणालाच दिसत नव्हता. ते प्रयत्न सफल झाले असते तर रयत शिक्षण संस्था नसती, फोटो नसता, आणि सत्य मात्र तेवढंच सत्य राहिलं असतं. ते वाचले ते कुणाच्या तरी हाताने, वेळेवर मिळालेल्या मदतीने. खरं बोलणाऱ्याच्या अंगात गोळी शिरत नाही, असा काही निसर्गनियम नाही. जे वाचले त्यांची चरित्रं लिहिली गेली. जे वाचले नाहीत त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. फक्त वाचलेल्यांच्या गोष्टी ऐकून 'सद्गुण माणसाला तारतोच' म्हणणं म्हणजे परतलेल्या होड्या मोजून समुद्र शांत आहे म्हणण्यासारखं.

तेव्हा पहिलं उत्तर सरळ देऊन टाकू. एकट्या माणसाच्या जिवाचा, नोकरीचा, पैशाचा हिशेब मांडला तर सद्गुणाने नुकसान होऊ शकतं. होतंही. हे मान्य न करता मुलांना नीतीच्या गोष्टी सांगितल्या की पहिल्याच ठोकरीला ती म्हणतात, 'आईने खोटं सांगितलं.'

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती आम्हा बायकांनाच सांगावी लागेल. सद्गुण एकाचा असतो, पण त्याची किंमत घर भरतं.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी तिथे येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं, हे सगळे सांगतात. पण त्या मुलांच्या पोटाला कमी पडायचं तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून जात होते. शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या मोठ्या, सोवळं पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. आणि इथे सगळ्या जातींची लेकरं स्वयंपाकघरात. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांना दिसलाच नाही. आज शेकडो शाळा आणि चाळीसहून जास्त महाविद्यालयं आहेत, तेव्हा त्यांचं नाव ऐकलेल्या बायका किती निघतील?

मला यातून एवढंच दिसतं : नवरा सही करत नाही तेव्हा त्याची मान ताठ राहते, आणि बायको किराणा दुकानात उधारीची वही उघडते. नवऱ्याला निदान समाधान असतं की निर्णय आपला होता. तिला तेही नसतं, जर तिला विचारलंच नसेल तर. लक्ष्मीबाईंनी दागिने स्वतःच्या हाताने काढून दिले, म्हणून तो त्यांचाही सद्गुण झाला. न विचारता काढून घेतले असते तर तो नवऱ्याचा सद्गुण आणि बायकोवरचा अन्याय झाला असता. घरातल्या कर्त्याने तत्त्वासाठी उभं राहावं, जरूर राहावं. पण ज्यांच्या ताटातून ते तत्त्व जाणार आहे त्यांच्याशी आधी बोलावं. तेही आर्जवच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. सद्गुण नेहमी तोट्यातच जातो का? तसंही नाही.

आपल्यातले पुष्कळ लोक व्यापारातले. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत खोटी वजनं-मापं ठेवणं आहे, भेसळ करणं आहे, चोरीचा माल घेणं आहे. मुनींसाठी नव्हे, दुकानात बसणाऱ्यांसाठी सांगितलेले हे नियम. आणि ज्या दुकानदाराने ते पाळले त्याचं दुकान बहुधा बसलं नाही, उलट पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कारण उघड आहे. गाव छोटं, गिऱ्हाईक तेच ते. आज छटाकभर मारलं तर उद्या ते समोरच्या दुकानात जाणार. लहान मुलाच्या हाती पैसे आणि पिशवी देऊन लोक ज्या दुकानात पाठवतात, त्या दुकानाला जाहिरात लागत नाही. याला आपण पत म्हणतो.

अमेरिकेतल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकांनी १९८० च्या सुमारास हीच गोष्ट संगणकावर तपासून पाहिली. वेगवेगळ्या विद्वानांकडून वागण्याच्या रीती मागवल्या आणि त्यांची एकमेकींशी पुन्हा पुन्हा गाठ घालून दिली. प्रत्येक वेळी दोनच पर्याय : सहकार्य करा किंवा दगा द्या. जिंकली ती सगळ्यात सोपी रीत, अनातोल रॅपपोर्ट यांनी पाठवलेली. सुरुवात सहकार्याने करायची. समोरच्याने दगा दिला तर पुढच्या वेळी आपणही सहकार्य थांबवायचं. तो सुधारला की मागचं विसरून परत सहकार्य करायचं. गंमत अशी की ही रीत कुठल्याही एका डावात समोरच्याला हरवत नाही, फार तर बरोबरी करते. तरी सगळ्या डावांची बेरीज केली तर तीच पुढे. लबाड रीतींनी एकेक डाव मारला, पण त्यांच्याशी सरळ वागायला शेवटी कुणी उरलं नाही.

हे वाचून बरं वाटतं. पण यात एक अट आहे, ती विसरायची नाही. समोरच्याशी परत गाठ पडणार असली पाहिजे आणि त्याला दुसरीकडे जायची सोय असली पाहिजे. हीच अट जिथे नसते तिथे काय?

निपाणी आपल्याला जवळची. तंबाखूचं गाव. वर्षभर राबून पिकवलेला तंबाखू शेतकरी विकायला आणतो, तेव्हा त्याच्या हातात काय असतं? माल पडून राहिला तर उतरतो, कर्ज डोक्यावर असतं, भाव समोरचा ठरवतो. १९८१ साली योग्य भावासाठी हे शेतकरी बायकामुलांसकट पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. त्या वेळी मी शाळकरी मुलगी होते. मोठी माणसं हळू आवाजात बोलत, एवढं आठवतं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायांनाही आपल्या मजुरीसाठी संघटना बांधावी लागली.

ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्याशी प्रामाणिक वागून व्यापाऱ्याला फायदा काय? काहीच नाही. तो परत येणारच, कारण जाणार कुठे? मोलकरणीच्या पगाराचंही तसंच, सुनेशी वागण्याचंही तसंच. म्हणून मला वाटतं, पत मिळवून देणारा प्रामाणिकपणा चांगला असला तरी ती शहाण्या व्यापाऱ्याची सवय झाली. सद्गुणाची खरी पारख होते ती जिथे लबाडी पचणार असते तिथे. रात्री पाणीसुद्धा न पिणारं घर दिवसा कामवालीच्या खाड्याचे पैसे कसे कापतं, यावर त्या घराचा धर्म मोजावा.

मग सद्गुण टिकला कसा, हा प्रश्न येतोच. जर तो एकेकट्या माणसाला तोट्यात घालतो, तर लाखो वर्षांत तो पुसून का गेला नाही?

चार्ल्स डार्विनला हा प्रश्न पडला होता. १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने मान्य केलं की जो माणूस साथीदारांना दगा देण्यापेक्षा स्वतः मरायला तयार होतो, त्याला बहुधा मुलंबाळं मागे ठेवता येत नाहीत. म्हणजे त्याचा गुण पुढच्या पिढीत कमी व्हायला हवा. पण त्याने पुढे असंही म्हटलं की ज्या टोळीत एकमेकांसाठी धावून जाणारी माणसं जास्त, ती टोळी इतर टोळ्यांपुढे टिकते. एकटा हरतो, पण त्याच्यामुळे त्याची माणसं जगतात. या उत्तरावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण अनुभवाला ते पटतं.

लोंढ्यात राहणाऱ्याला तर रोज पटावं. आमच्या स्टेशनातून गाडी कॅसलरॉकला जाते आणि तिथून घाट उतरून गोव्यात. त्या घाटात ३७ फूट पुढे जाताना १ फूट उतार आहे. रेल्वेच्या मानाने हा भयंकर उतार. गाडी खाली सोडण्याआधी ब्रेक तपासतात, पावसाळ्यात रात्री-अपरात्री माणसं रूळ बघत चालतात. दरड कोसळली आहे का, खडी वाहून गेली आहे का, हे भर पावसात कंदील घेऊन बघणाऱ्या माणसाने एक रात्र घरी झोप काढून 'बघितलं' म्हणून लिहिलं, तर बहुतेक रात्री काहीही बिघडणार नाही. त्याचा फायदाच होईल. आणि एका रात्री हजार माणसं दरीत जातील. दूधसागर आला म्हणून खिडकीत गर्दी करणाऱ्या प्रवाशांना त्या माणसाचं नाव ठाऊक नसतं. त्याच्या सचोटीने त्याचा पगार वाढत नाही. पण गाडी खाली पोचते. आपण सगळ्या रोज अशा कुणाकुणाच्या सचोटीवर जगतो आहोत.

जैन प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातलं जे सूत्र लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच की जीव एकमेकांच्या आधाराने राहतात. ते आपण लग्नपत्रिकेवरही छापतो. तो नुसता उपदेश नव्हे, जग कसं चालतं याचं ते वर्णन आहे.

आता त्या झाडाकडे वळते. सरळ झाड आधी पडतं हे खरंच आहे. पण वन खात्यातली माणसं आणखी एक गोष्ट सांगतील. चांगल्या, सरळ बुंध्याचे निवडक साग ते न तोडता राखून ठेवतात, कारण पुढच्या लागवडीसाठी बी त्यांचं घ्यायचं असतं. सगळी सरळ झाडं तोडून टाकली तर बी उरणार वाकड्याचंच, आणि मग दोन पिढ्यांनी जंगलात वासाही सरळ मिळणार नाही. म्हणजे सरळ झाडाचं राहणं-न राहणं त्याच्या सरळपणावर ठरत नाही. त्याला राखणारं कुणी आहे की नाही, यावर ठरतं. आपली म्हण कुऱ्हाडीपाशी थांबते. राखणाऱ्याचं नाव घेत नाही.

मात्र सद्गुण म्हणजे निमूट मार खाणं, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्या धर्माने तो काढलेला नाही. हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या रक्षणासाठी होणारी विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. यातली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडलीच पाहिजे. बाकीच्या तीन कमीत कमी कराव्यात, पण त्या त्याला पूर्ण टळत नाहीत हे शास्त्रानेच ओळखलं आहे. सत्य अणुव्रतातही समंतभद्राचार्यांनी श्रावकाला खोटं बोलू नको म्हटलं, आणि ज्याने दुसऱ्यावर संकट कोसळेल असं सत्यही बोलू नको म्हटलं. म्हणजे डोकं बाजूला ठेवून चांगलं वागा, असं कुणी सांगितलेलं नाही. भोळेपणा वेगळा, सरळपणा वेगळा. फसवणाऱ्याला ओळखून त्याला दारातून परत पाठवणं हे आर्जवाच्या आड येत नाही. मुलीला 'सरळ वागू नकोस' म्हणण्याऐवजी 'सरळ वाग, आणि डोळे उघडे ठेव' म्हणता येतं.

शेवटी एक मोठी गोष्ट राहते. टिकणं, जगणं, हीच सगळ्यात वरची किंमत आहे का?

निपाणीजवळ भोज नावाचं गाव आहे, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाचं. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला ज्यांनी नवा जीव दिला ते आचार्य शांतिसागर महाराज त्या गावच्या घराण्यातले. त्यांच्या गृहस्थपणाची एक गोष्ट सांगतात. शेतात पाखरं धान्य खायला उतरली तर ते हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत. आणि तरी पीक कमी आलं नाही. गोष्ट गोड आहे. पण मला नेहमी वाटतं, पीक कमी आलं असतं तर? तरीही त्यांनी पाणी ठेवलंच असतं. 'पीक कमी आलं नाही' हे वाक्य आपल्या समाधानासाठी आहे. त्यांना त्याची गरज नव्हती.

१९५५ साली त्यांची दृष्टी गेली तशी कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे चालताना पायाखाली जीव येतो का कळत नाही, आहार शोधून घेता येत नाही. ज्या व्रतासाठी देह ठेवायचा तेच पाळता येत नसेल तर देहाला धरून बसायचं नाही. १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी शांतपणे देह सोडला. कोठडीतल्या छळाने मोडून पडलेल्या माणसाने जीव द्यायला निघणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दुःखापासून पळायचं असतं आणि ते दुःख देणारे दोषी असतात. दुसऱ्यात पळायचं काहीच नसतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजणी रस्त्यावर उतरल्या होत्या. म्हणजे जगण्याहून वरचं काही असू शकतं, यावर आपला विश्वास आहे. मग खोट्या सहीच्या वेळीच आपण 'जगायचं तर आहे ना' असं का म्हणतो?

मुनींची गोष्ट गृहस्थाला लावता येत नाही, हे मला कळतं. आपल्याला लेकरं वाढवायची असतात, सासऱ्यांची औषधं आणायची असतात. म्हणूनच आपल्यापुरतं उत्तर मला भाऊरावांच्या गोष्टीत जास्त सापडतं. बोर्डिंगातून निघाले तेव्हा त्यांना राजाने आसरा दिला म्हणून ते तरले. आपण काय करतो? सही न करणाऱ्याचं कौतुक पर्वातल्या व्याख्यानात करतो आणि त्याच्या मुलीचं स्थळ आलं की म्हणतो, 'माणूस चांगला आहे हो, पण व्यवहार कळत नाही.' जो एकटा उभा राहतो त्याचं नुकसान सद्गुण करत नाही, आपण त्याला एकटं पाडून करतो. आणि पन्नास वर्षांनी त्याचा फोटो भिंतीवर लावतो.

त्या बाईंना मी त्या दिवशी काही बोलले नाही, पण आठवड्याने त्यांच्या घरी गेले आणि आणखी तिघीजणी बरोबर नेल्या. मुलाच्या फीचं काय करायचं ते आम्ही बसून ठरवलं. सभेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, उरलेल्या रकमेची जुळवाजुळव झाली. उपकार नको म्हणून त्यांनी ती परत करायच्या बोलीवरच घेतली. निघताना त्या म्हणाल्या, "ह्यांनी सही केली नाही ते बरंच झालं म्हणायचं का मग?" आमच्यातली एक म्हणाली, "बरं झालं की नाही ते माहीत नाही बाई. पण बरोबर केलं."

बरं आणि बरोबर हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपल्या भाषेने आपल्याला फुकट दिलेलं ज्ञान आहे. जे बरोबर आहे ते करणाऱ्याचं बरं व्हावं, ही जबाबदारी मात्र त्या एकट्यावर टाकायची नसते. पुढच्या पर्वात आर्जव धर्माचं वाचन होईल, तेव्हा आपल्या गल्लीत, आपल्या गावात सरळ वागून अडचणीत आलेलं घर कोणतं, एवढं आठवून बघूया. घर आठवलं तर दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन यावं.